कारणाचा रकाना

सुपा, ता. पारनेर
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. आईस,

पंकजाचा सा. न. वि. वि. आणि वाचणाऱ्या मनकर्णामावशीलाही नमस्कार. मावशी, हे पत्र आईला एकटीला वाचून दाखव, तळावरच्या सगळ्या कोप्यांना ऐकू जाईल असं नको. फोनवर सांगितलं असतं, पण अण्णा फोन स्पीकरवर टाकतात आणि मग अख्खी ऊसतोडीची टोळी मला सल्ले देते.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. आमच्या कंपनीत सविता नावाच्या बाईची दोन बोटं मशीनमध्ये गेली आणि त्यात तिचीच हयगय होती, तिने स्वतःच बटणात पाचर मारली होती, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. पाचर तिने मारली नव्हती. ती त्या मशीनवर आली त्याच्या आधीपासून पाचर तिथे होती. तू ते पत्र ज्या ज्या बायकांना ऐकवलं असशील, त्यांना हेही ऐकव.

नीट सांगते. पत्र्याला दाबून आकार देणारं मशीन असतं, त्याला प्रेस म्हणतात. ते चालवायला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. म्हणजे ठोकळा येताना दोन्ही हात बाहेर असलेच पाहिजेत. पण त्यात वेळ जातो. मग कुणीतरी एका बटणात लाकडाची पाचर ठोकतं, ते दाबलेलंच राहतं, एका हाताने पत्रा सारायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. तासाला माल दीडपट निघतो. सात जानेवारीला सकाळी साडेअकराला सविताचा डावा हात आत असताना ठोकळा खाली आला. एकोणतीस वर्षांची आहे. ठेकेदाराची कामगार आहे, त्या मशीनवर तिचा नववा दिवस होता.

अपघाताचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचं काम माझं. त्यात एक रकाना असतो, अपघाताचं कारण. त्यावर बोट ठेवलं की यादी उघडते. सगळ्यात वर असतं, ‘ऑपरेटर निग्लिजन्स’. निग्लिजन्स म्हणजे हयगय, निष्काळजीपणा. खाली ओली फरशी, तुटलेलं अवजार, वीज आणि शेवटी ‘इतर’. आपण काहीच निवडलं नाही, तर वरचंच कारण तसंच राहतं. नाव, वय, खातं एवढं भरलं आणि त्या रकान्याला हात न लावता फॉर्म पुढे पाठवला. आणि फॉर्ममध्ये जे गेलं तेच, जणू मी डोळ्यांनी बघितल्यासारखं, तुला लिहून कळवलं.

हा शब्द इथे सगळ्यांच्या तोंडी आहे. कॅन्टीनची आमटी खारट झाली की निग्लिजन्स. माझ्या खोलीतली नगरची इन्शा आमच्याच कंपनीत माल तपासते. काल माझ्याकडून दूध उतू गेलं तर ती गॅलरीतून ओरडली की, बाईसाहेब, आता स्वतःचा फॉर्म भरा, कारण माहीतच आहे. आम्ही खूप हसलो. पण शुक्रवारी मी चार वर्षांच्या जुन्या नोंदी काढून बसले. त्रेचाळीस अपघात. अडतीस ठिकाणी हाच शब्द. आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे उभ्याने काम करणाऱ्या माणसाचं नाव. खुर्चीवर बसणाऱ्या एकाचंही नाही.

तुझी कंबर कशी आहे? अण्णांचा खोकला? मोळी उचलताना घाई करू नकोस. माझ्यावर लोभ आहेच, या वेळी थोडं रागावून ठेवलास तरी चालेल.

तुझी,
पंकजा


कोल्हार, प्रवरेकाठचा तळ
मार्फत स्टँडवरचं किराणा दुकान
शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

चि. पंकजास लंकाबाईचे अ. उ. आ.

(मी मनकर्णा लिहिते. तुझ्या आईची ताकीद आहे की मी बोलते तसंच लिही, त्याला साळेतली इस्त्री मारू नको. तेव्हा अक्षर माझं, बाकी सगळं तिचं.)

तुजं पत्र पावलं. एकटीला वाच म्हनली हुतीस, पर मनकर्णाचा आवाज तुला ठावा हाय. ती कानात बोलली तरी पल्याडच्या फडात ऐकू जातं. (हे लिहायला लावलं, मी लिहिलं.) समद्या बाया जमल्या. मागचं पत्र ज्यांनी ऐकलं हुतं त्यांनी ह्ये बी ऐकलं. सोता चुकले म्हून सोताच कळवलंस, मला लई बरं वाटलं. मी बायांस्नी म्हनलं, बगा, माजी पोर चुकती बी कागदावर आन सुदारती बी कागदावर. आपलं चुकल्यालं नुसतं हवंत जातं.

तुजा हिरव्या टोपीतला फोटू अण्णांनी ट्रकच्या डायवरला बी दावला. माजी पोर कंपनीत सही करती, तिच्या सहीबिगर मशीन चालत न्हाई, आसं सांगत्यात. मी म्हनलं, आवो, वाईच कमी सांगा. तर मलाच म्हनले की तू गप, तुला काय कळतंय सहीतलं.

पर तुजं पत्र आयकून अण्णा जरा घाबारल्यात. मोठ्या मान्सांच्या कागदात बोट घालू नको म्हन, त्येंनी दावलं तितं सही कर, आसा निरोप हाय. मी निरोप दिला. माजं म्हननं मी येगळं सांगते.

दोन बटनांचं मला कळलं. दोनी हात गुतले म्हंजी दोनी हात वाचले. ज्येनं क्येलं त्यो हुशार मानूस. मंग पाचर कुनी मारली? तू लिवलंस की त्या बाईनं मारली न्हाई. कुनी मारली ते लिवलंच न्हाईस. आन ती पाचर तुला आदी दिसली हुती का न्हाई, ते बी न्हाई. तू बारकी हुतीस तवापून आसंच करतीस. समदं सांगतीस आन मदलं एक पदराखाली ठिवतीस. पोटात ठिवून पोट दुकतं बाई. लिव.

कंबर बरी हाय. त्या सविताला भेटाया जा. मोकळ्या हातानं जाऊ नको, भाकरी न्हे.

माया हाय तशीच हाय, त्यात खाडा न्हाई.

तुजी आई लंकाबाई


सुपा
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,

सा. न. वि. वि. तू ओळखलंस. आता जे पदराखाली होतं ते लिहिते. हे पत्र मावशीने मोठ्याने वाचलं तरी माझी हरकत नाही.

रोज सकाळी मशीनं तपासत फिरायचं, हे माझं मुख्य काम. हातात यादी असते. प्रत्येक मशीनपुढे ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ अशी खूण करायची आणि खाली सही. एकोणतीस डिसेंबरला सात नंबरच्या प्रेसच्या डाव्या बटणात मला पाचर दिसली. मी ती उपटून काढली. त्या विभागाचे सुपरवायझर कानिफनाथ सर तिथेच होते. त्यांनी ती माझ्या हातातून हळूच घेतली, खिशात टाकली आणि अगदी मायेने म्हणाले की ताई, वर्षअखेर आहे, माल गेला नाही तर वरून माझी कातडी सोलतील, चार दिवस तुम्ही इकडे बघू नका. आई, ते वाईट माणूस नाहीत. मी कंपनीत नवी होते, तेव्हा बसमध्ये रोज माझ्यासाठी जागा धरायचे.

दुसऱ्या दिवशी पाचर पुन्हा जागेवर होती. मी माझ्या स्वतःच्या वहीत लिहिलं, प्रेस सात, डावं बटण, पाचर. आणि कंपनीच्या यादीत खूण केली, ‘ठीक’. तीस डिसेंबर ते सात जानेवारी. मधली रविवारची सुट्टी सोडून आठ दिवस, आठ खुणा, आठ सह्या. शेवटची सही अपघाताच्या दिवशी सकाळी पावणेनऊची.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मी नगरच्या दवाखान्यात सविताला भेटून आले. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल. तिने आधी मला बसायला जागा करून दिली. मग म्हणाली की मॅडम, माझ्या पहिल्याच दिवशी तुम्ही पाचर काढलेली मी बघितली, तुम्ही गेल्यावर सरांनी परत घातलेली पण बघितली. नंतर तुम्ही रोज यायच्या, बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. मला वाटलं, सेफ्टीच्या मॅडमला चालते म्हणजे पाचर मशीनचाच भाग असेल.

ठेकेदाराने तिला कळवलंय की तुझ्याच निग्लिजन्सने झालं, आता कामावर येऊ नको. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तिने मलाच विचारला. मी सांगितला. तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाली की पण मी तर लई ध्यान देऊन करत होते.

बारा तारखेला कारखान्यांचे सरकारी निरीक्षक चौकशीला येणार आहेत. आमच्या साहेबांनी अहवाल तयार ठेवलाय. कारण तेच. खाली मशीन तपासणारी म्हणून माझी सही हवी आहे. साहेब म्हणाले की पंकजा, एप्रिलमध्ये तुला कायम करायचं माझ्या मनात आहे, तू हुशार मुलगी आहेस. पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती. ही नोकरी गेली तर पुढच्या हंगामालाही तुम्हा दोघांच्या हातात कोयता राहणार, हे मला कळतं. तुला या दिवाळीनंतर फडात जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती तर खूपच जुनी. तुझ्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर माझा दवाखान्याचा कागद आहे. पाच वर्षांची असताना उकळत्या पाण्याने माझी पोटरी भाजली होती, तेव्हाचा. तो कागद तू घरी येईल त्याला दाखवायचीस, डॉक्टरने एवढं इंग्रजी लिहून दिलंय म्हणून. आठवीत मला तो वाचता आला. तू विचारलंस काय लिहिलंय, तर मी सांगितलं की मलम लावा, बरं वाटेल. आई, मी खोटं बोलले. मलमाचं एकाच ओळीत होतं. वरच्या ओळीत लिहिलं होतं, आईच्या हयगयीमुळे. तोच शब्द.

अकरा वर्षं मी हे तुला सांगितलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, असं मी मनाला समजावत आले. खरं म्हणजे, डॉक्टरने लिहिलंय तर खरंच असेल, असं तेव्हा थोडंसं मलाही वाटलं होतं. त्याची लाज वाटते.

काय करावं ते सांग. लोभावर माझा हक्क आहे असं आज म्हणवत नाही, तरी मागते.

पंकजा


कोल्हार
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

चि. पंकजास आईचे अ. उ. आ.

(पत्र वाचून झाल्यावर तुझी आई उठून मोळ्या बांधायला गेली. काल संध्याकाळी भाकरी थापताना एकदम म्हणाली की वही काढ. पीठ लागलेल्या हातानेच सांगत होती. — मनकर्णा)

पंकजे, मला राग आला. कागदाचा न्हाई, तुजा. अकरा वरसं मी त्यो कागद लोकांस्नी दावत फिरले आन तू बगत बसलीस. लोकं काय म्हनली आसतील? मंग मला वाटलं, लोकांस्नी तरी कुटं वाचाया येत हुतं. तवा हसू आलं. आता राग न्हाई.

त्या दिसाचं मी तुला कदी सांगितलं न्हाई, आता आयक. पाटंचं चार वाजलं हुतं. ट्रक आला. मुकादमानं कोपीकोपीत बॅटरी मारली, समद्या बाया भराया चला म्हनला. मी म्हनलं, पोर एकली हाय, अण्णा पानी आनाया गेल्यात, त्ये आले की येते. त्यो म्हनला, ट्रक तुज्या पोरीसाटी थांबत न्हाई. मी पान्याचं भगुनं चुलीवरून उतरवलं आन खाली ठिवलं. दाराशी ठिवलं. कोपऱ्यात ठिवाया पायजे हुतं. तू उटलीस, माज्या मागं पळत आलीस, पाय त्यात ग्येला.

भगुनं दाराशी ठिवलं, ती माजी चूक. ती मी आजबी माजीच म्हनते. ती कुनावर ढकलायची न्हाई मला. पर बाकीचं माजं न्हाई. डाक्टरला तुजा पाय दिसला, त्येला पाटंची बॅटरी दिसली न्हाई, ट्रक दिसला न्हाई. त्येनं इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं. त्येनं इचारलंच न्हाई, खाली मान घालून लिवलं. तू बी तसंच क्येलंस, आटवतंय का, त्या कारनाच्या रकान्यात? म्हून सांगते.

तुज्या आट सह्या तुज्या हायती. त्या कुनाच्या खिशात घालू नको, कानिफनाथाच्या बी न्हाई. आन त्याची पाचर त्याची हाय, ती त्या बाईच्या पदरात टाकू नको. ज्येचं त्येला दे. येवडंच हाय, लई आवगड न्हाई. आवगड लागलं तर मला सांग, मी येते तितं आन तुज्या सायबापुडं बसते.

अण्णांस्नी समदं वाचून दावलं. त्येंनी इडी पेटवली. मला वाटलं आता चिडत्यात. तर म्हनले, माजा आंगटा आजवर ज्येनं धरला त्येनं उमटवला, कशावर उमटवला ते मला आजून ठावं न्हाई. पोरीला वाचता येतंय. तिनं बी माज्यासारकाच आंगटा द्यायचा आसंल तर साळा कशाला शिकवली. आन मंग म्हनले, कोयता हाय तर हाय, त्येला काय आजच धरलाय व्हय. ह्ये त्येंनी लिव म्हनून सांगितलं. डायवरला बी सांगितलं. आता डायवर रोज इचारतो, सायबीन काय म्हनती.

मुकादमाला कागदाचं कळलं तर त्यो म्हनला, झालं गेलं. मी म्हनलं, गेलं न्हाई, पोरीच्या पोटरीवर हाय.

दिवस कळव. त्या दिशी मी फडात आसले तरी ध्यान तुज्याकडं आसंल. माया आपली भरलेल्या ट्रकावानी हाय, दोर आवळून धाडलीय.

तुजी आई लंकाबाई

(पंकजा, माझ्या आवाजाचं तू लिहिलंस ते मी मनावर घेतलं नाही. निकाल काय लागला ते मात्र आधी मला कळव, मी बरोबर पोचवते. — मनकर्णामावशी)


सुपा
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आईस आणि ती. अण्णांस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी ते इन्शाला वाचून दाखवलं. ट्रकाच्या दोरापर्यंत आल्यावर मला पुढे वाचता येईना, ते तिने वाचलं. मग म्हणाली की तुझ्या आईला आमच्या कंपनीत साहेब म्हणून घ्यायला पाहिजे, निम्मे फॉर्म लागणारच नाहीत.

काल संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी कानिफनाथ सरांना भेटले. पाठीमागून काही करायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की मी पाचरीचं निरीक्षकांना सांगणार आहे, आणि माझ्या आठ सह्यांचंही. आधी ते चिडले. म्हणाले की ताई, बसमध्ये जागा धरली ती यासाठी का? मी म्हटलं की सर, त्या जागेचे उपकार मी विसरले नाही, म्हणून तर आधी तुमच्याकडे आले. मग त्यांनी विचारलं की तू माझ्यापुढे तो शब्द लिहिणार का? या एका गोष्टीचा मी आठ दिवस विचार करतेय. मी नाही म्हणाले. मी तो शब्द कुणापुढेच लिहिणार नाही. कोणत्या दिवशी काय दिसलं, कुणी काय केलं, माल वाढवायला वरून कुणी सांगितलं होतं, एवढंच लिहीन. ते चालू लागले. गेटपाशी मात्र थांबले आणि म्हणाले की वरून आलेले मेसेज त्यांच्या मोबाईलमध्ये आहेत. दाखवतो असं म्हणाले नाहीत. पुसून टाकतो असंही म्हणाले नाहीत.

यादीतलं ‘इतर’ निवडलं की साठ अक्षरांची जागा मिळते. साठ अक्षरांत हे मावत नाही, म्हणून मी वेगळा कागद केला आहे. दोन पानं, मराठीत. तीन वेळा लिहिला. पहिल्या वेळी सुरुवात सरांपासून केली होती, दुसऱ्या वेळी मशीनपासून. आता पहिली ओळ अशी आहे: मी, पंकजा गोरक्षनाथ, प्रेस सातमध्ये पाचर आहे हे माहीत असून आठ दिवस ‘ठीक’ अशी सही केली. त्या ओळीनंतर बाकीचं सगळं सरळ लिहिता आलं. माझ्या वहीचं ते पान आणि चार वर्षांतल्या अडतीस नोंदींची यादी सोबत जोडली आहे. सवितालाही वाचून दाखवलं. ‘मी ध्यान देऊन करत होते’ हे तिचं वाक्य त्यात घालावं असं तिने सांगितलं, ते घातलं. तिने खाली उजव्या हाताने सही केली. तिला सही येते, आई. सातवी शिकली आहे. चांगली वळणदार आहे.

साहेबांचा अहवाल मी सही न करता परत दिला. त्यांनी तो बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि विचार कर म्हणाले. कायम करायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. भीती वाटते, हे लपवत नाही. जिन्यावरून उतरताना पायऱ्या मोजत उतरते. पण काल रात्री तो कागद पुन्हा वाचला, तर त्यात बदलावं असं एकही अक्षर सापडलं नाही. माझ्या सहीचा मला असा अभिमान याआधी कधी वाटला नव्हता. अण्णांना सांग की ट्रकवाल्याला आता जरूर सांगा, आणि कमी करून सांगायची गरज नाही.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. लोभ दोरासकट पोचला, तो तसाच आवळलेला राहू दे. तू दिवस विचारला होतास. निरीक्षकांसमोर माझा नंबर लागेल तो दिवस गुरुवार, बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता.

तुमची,
पंकजा